एडविन कुणाचा कोण

ऑफिसात काय करतेस असं कुणी विचारलं, की चारुता करमरकर "डेटाचं काम" एवढंच सांगून मोकळी होई. खरं काम समजवायला दहा मिनिटं लागत आणि ऐकणाऱ्याचा चेहरा तिसऱ्याच मिनिटाला उतरे.

ती माणसं वेगळी करायची. जपानी बँका, भाडेकरूंची हमी घेणाऱ्या कंपन्या आणि असेच सावध स्वभावाचे लोक तिच्या कंपनीकडून नावं तपासून घेत. कुणी परदेशी माणूस खातं उघडायला किंवा खोली भाड्याने घ्यायला गेला, की त्याचं नाव कायाबाचो भागातल्या त्यांच्या ऑफिसच्या या पाचव्या मजल्यावर येई. हा माणूस आणि काळ्या यादीतला त्याच आडनावाचा माणूस एकच का, एकमेकांचे कुणी लागतात का, हे इथे ठरे. जपानी नावांची टेबलं खिडकीपाशी होती. परदेशी नावांचं एकच टेबल, प्रिंटरच्या शेजारी. तिथे गेली सहा वर्षं चारुता आणि मोरितासान अशा दोघी समोरासमोर बसत.

प्रत्येक इंग्रजी आडनावाला एक पान असे. थॉर्नबींच्या पानावर एकतीस नोंदी होत्या. थॉर्नबी बिस्किटं. थॉर्नबी रंगांचा कारखाना. लीड्समधली वकिलांची पेढी. दीडशे वर्षांपूर्वी डोंगरांतून नेचे गोळा करत हिंडलेला एक वनस्पतिशास्त्रज्ञ. चर्चसाठी ऑर्गन बनवणारे दोन भाऊ, एक सायकलपटू, एक ड्रम वाजवणारा. बिस्किटवाल्यांचा रंगवाल्यांशी काडीचा संबंध नव्हता आणि ऑर्गनवाले भाऊ निपुत्रिक वारले होते, हे चारुताला स्वतःच्या चुलतसासऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. कधीतरी भाजी चिरताना तिच्या डोक्यात येई, की या एकतीस जणांना एका मांडवात बसवलं तर कुणी कुणाला ओळखणार नाही, आणि तरी सगळे एकाच हाकेला माना वर करतील. मग कुकरची शिट्टी होई आणि विचार तिथेच राही.

विचारांना फारशी जागाही नव्हती. ग्योतोकुच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आता तिचा नवरा यतीनही दिवसभर असे. एका जपानी कंपनीच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर अकरा वर्षं काढल्यावर मागच्या मार्चमध्ये ते प्रोजेक्टच बंद झालं. मुलाखती चालू होत्या. पंचेचाळिशीच्या माणसाला मुलाखतीत फार आदराने वागवतात आणि मग कळवत नाहीत. त्याच्या व्हिसावर चारुता आणि मुलगी मिताली होत्या, ते आता उलटं झालं. चारुताच्या व्हिसावर तो 'कुटुंबीय' झाला आणि त्याला आठवड्याला अठ्ठावीस तासांपलीकडे काम करायची मुभा उरली नाही. व्हिसाची मुदत फेब्रुवारीत संपत होती. मितालीची हायस्कूलची प्रवेशपरीक्षाही फेब्रुवारीत. चारुताचा करार डिसेंबरअखेरपर्यंत. करार वाढला तर व्हिसा, व्हिसा मिळाला तर परीक्षेला अर्थ. एवढं सोपं गणित होतं, म्हणून त्यावर घरात कुणी बोलत नसे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी कुरोदासान तिच्या टेबलापाशी आले. कुरोदासान विभागप्रमुख. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांचं काय बिघडलंय ते ओळखायला तिला वर्षं लागली होती.

"चारु-सान, एक गृहस्थ खाली आले आहेत. वेळ न ठरवता. परदेशी आहेत. तुम्ही जरा याल का, इंग्रजीसाठी?"

करमरकर उच्चारायचा पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला होता. तेव्हापासून ती चारु-सानच होती.

तीन नंबरच्या खोलीत एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. तपकिरी कोट, मांडीवर कागदांची फाइल. चारुताने इंग्रजीत नमस्कार केला, तर त्याने हात हलवला आणि स्वच्छ जपानीत म्हणाला, "इंग्रजी नको. सेहेचाळीस वर्षं नागोयात काढली. इंग्रजी बोलायला लागलो की मलाच परक्यासारखं वाटतं. तुमचं कुठलं?"

"भारत. पुणे."

"म्हणजे दोघंही बाहेरचे," तो म्हणाला. मग कुरोदासानकडे वळून, गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आपण कामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायचो, इथपासून त्याने सुरुवात केली. बायको सेत्सुको वसंतात गेली. राहत होता ते भाड्याचं घर नव्या वर्षात पाडणार होते. मेव्हणीच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली मिळत होती. घरमालक तयार, दलाल बाई तयार, पण हमी घेणाऱ्या कंपनीने नकार दिला. कारण सांगत नाहीत. दलाल बाईंना त्याची दया आली आणि त्यांनी हळूच सांगितलं.

"म्हणाल्या, थॉर्नबीसान, तुमच्या वडिलांमुळे." त्याने फाइल उघडली. "माझे वडील! माझे वडील पाव भाजायचे. फ्रेड थॉर्नबी. हा माझा जन्मदाखला, हा त्यांचा मृत्यूचा दाखला, एकाहत्तर सालचा. त्यांनी आयुष्यात कुणाला फसवलं असेल तर ते पावाच्या वजनात, आणि तेही मला वाटत नाही."

चारुताने दाखला हातात घेतला. रोनाल्ड एडविन थॉर्नबी. तिची नजर मधल्या नावावर गेली.

"मग एडविन कोण?" तिने विचारलं.

"एडविन? आईचा भाऊ. युद्धात गेला. मी त्यानंतर पाच वर्षांनी झालो. आईने त्याची आठवण म्हणून नाव घातलं मध्ये." तो थांबला. "का?"

"विचारलं फक्त," चारुता म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. थॉर्नबींचं पान उघडलं. नोंद अकरा: एडविन थॉर्नबी, जन्मसाल नाही. थॉर्नबी लेझर नावाच्या पर्यटन कंपनीचा संचालक. चाळीस वर्षांपूर्वी होक्काइडोत न बांधलेल्या हॉटेलच्या खोल्या विकून नाहीसा झालेला. अशा नोंदी मरत नाहीत. नोंद एकोणतीस: रोनाल्ड एडविन थॉर्नबी, नागोया. दोघांच्या मध्ये एक लाल रेघ, आणि रेघेवर लिहिलेलं: वडील – मुलगा. आधार: अर्जातील नाव. जोडणारी: करमरकर. तपासणारी: मोरिता. दोन्ही गोल लाल शिक्के. तारीख मागच्या मार्चमधली, गुरुवार; तेव्हाचा अर्ज कुठल्याशा बँकेतला.

तो गुरुवार तिला आठवला. यतीनने आदल्या दिवशी सांगितलं होतं प्रोजेक्टचं. ती दिवसभर बसली, नव्वद नावं उपसली आणि एकाही नावाचा चेहरा तिला रात्री आठवत नव्हता. रोनाल्ड, एडविन, थॉर्नबी. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मिताली यतीन करमरकर. चारुता यतीन करमरकर, आणि त्याआधी चारुता वसंत लिमये. शाळेच्या पहिल्या वहीपासून असंच लिहीत आलेला हात. इंग्रजांमध्ये मधलं नाव मामाचं असू शकतं, आजीचं असू शकतं, नुसतं कानाला गोड लागलं म्हणूनही असू शकतं, हे तिला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी तिनेच नव्या माणसांसाठी त्यावर अर्ध्या पानाची टीप लिहिली होती.

कुरोदासाननी तिला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"मी पाहिलं," ते म्हणाले. "काही अवघड नाही. 'माहिती अपुरी' असं लिहू. लाल रेघ पिवळी होईल. नातं अनिश्चित. कुणाच्या नावाचा प्रश्न येत नाही."

"पिवळी असली तर त्यांना खोली देतील?"

"ते हमी कंपनीने ठरवायचं."

"कुरोदासान, पिवळ्याला कुणी खोली देत नाही."

त्यांनी कपात पाहिलं. "रेघ पुरती पुसायची तर नियम तुम्हाला माहीत आहे. जिने जोडली तिने लिहून द्यायचं, की जोडायला आधारच नव्हता. घडल्या प्रकाराचं निवेदन. ते तुमच्या फाइलला लागतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "फाइल शुक्रवारी वर जाते. करारांची. सोमवारी लिहिलंत तर पुढच्या वर्षीच्या फाइलला लागेल."

"त्यांची खोली शुक्रवार दुपारपर्यंतच धरून ठेवलीय."

"हो," कुरोदासान म्हणाले. "ऐकलं मी."

हा माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर तिला चीड आली असती, आणि चिडीवर माणूस दोन दिवस तरी चालतो.

संध्याकाळी यतीनने पिठलं-भात केला होता. नोकरी गेल्यापासून तो पिठलं चांगलं करायला लागला होता आणि त्याचं कौतुक केलं की त्याला राग येई. मिताली कानात इयरफोन घालून जेवत होती. चारुताने सगळं सांगितलं.

"तू त्या म्हाताऱ्याला ओळखतेस?" यतीनने विचारलं.

"नाही."

"मग? पिवळी तर पिवळी. लालपेक्षा बरी. त्याचा दलाल बघून घेईल."

"नाही घेणार. आपण ही खोली शोधताना किती जणांनी नाही म्हटलं होतं? सात. कारण सांगितलं होतं एकाने तरी?"

"म्हणूनच म्हणतो ना! आठव्यांदा शोधायला लावतेस का आम्हाला?" तो उठून पाणी प्यायला. पाठमोराच म्हणाला, "अगं, चूक म्हणण्यासारखी तरी आहे का ही? मी असतो तर मीही तेच केलं असतं. आपल्याकडचा कुणीही तेच करेल. मधलं नाव बापाचं."

"तेच लिहायचंय मला."

"लिही. आणि खाली लिही, की माझा नवरा घरी बसलाय, मुलीची परीक्षा आहे, तरी मला हरिश्चंद्र व्हायचंय."

मितालीने एक इयरफोन काढला. तिला सगळं ऐकू येत होतं, हे दोघांनाही तेव्हा कळलं.

"पहिलीत मला सगळे यातिन-सान म्हणायचे," ती म्हणाली. "टीचरने कार्डावरचं मधलंच नाव वाचलं. वर्षभर." मग आईकडे पाहून, "आई, पण तू रोज तेच करतेस ना? सिक्स इयर्स. एवढं साधं तुला कळलं नाही?"

"कळत होतं. त्या दिवशी नाही कळलं."

"हेन," मिताली पुटपुटली, म्हणजे विचित्रच आहे, आणि इयरफोन परत कानात घातला.

चारुताने ताटं घासली. यतीनने ती पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता, म्हणून तिने दह्याचे डबे धुऊन पालथे घातले. बोलणं त्यापुढे गेलं नाही. यतीनला खरंतर राग तिचा नव्हता, हे तिला समजत होतं. पण समजल्याने अंगातला शीण कमी होत नाही.

बुधवारी ती अर्धा तास आधी ऑफिसात पोचली आणि लिहायला बसली. मोरितासान आल्या, डबा खणात ठेवला आणि तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. मोरितासान अठ्ठावन्न वर्षांच्या, पुढच्या मार्चमध्ये स्वेच्छेने काम सोडणार होत्या. सहा वर्षांत दोघींनी एकमेकींच्या घरचं फारसं काही विचारलं नव्हतं, आणि तरी एकमेकींच्या डोकेदुखीच्या गोळ्या कुठल्या खणात असतात ते दोघींना माहीत होतं.

"थॉर्नबी?" मोरितासाननी विचारलं.

"हो. तुमचाही शिक्का आहे त्यावर."

"माझा शिक्का सगळ्यावरच आहे." त्यांनी खुर्ची ओढली. "खरं सांगू का? तुमचा दिसला की मी माझा मारते. उघडून बघत नाही. तुम्ही बघता, माझ्या नोंदी?"

चारुताने स्वतःच्या शिक्क्याकडे पाहिलं.

"पाहिलंत? त्यासाठीच दोन शिक्के असतात, की एकीला वाटावं दुसरीने पाहिलं असेल." मोरितासान हसल्या नाहीत. "लिहा. माझंही लिहा. मला मार्चनंतर कोण काय म्हणणार?"

निवेदन एका पानाचं झालं. तिने लिहिलं, की माझ्या राज्यात माणसाचं मधलं नाव हे त्याच्या वडिलांचं असतं. इंग्रजांमध्ये तसं नसतं हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी दमले होते आणि सवयीने एडविनला वडील धरलं. कुठलाही कागद मी पाहिला नव्हता. या दोन व्यक्तींचा आडनावापलीकडे काही संबंध आहे, असं मानायला आधार नाही.

कुरोदासाननी ते दोनदा वाचलं. पेन्सिलने एका ठिकाणी खूण केली.

"'दमले होते' काढा. ते कारण म्हणून लिहीत नाहीत."

"खरं आहे पण ते."

"खरं असेल. वर वाचणारे सगळेच दमलेले आहेत."

तिने ते वाक्य काढलं. सवयीने धरलं, एवढंच राहिलं, आणि ते वाचताना तिला वाटलं की कुणा निष्काळजी बाईने लिहिलंय.

कुरोदासाननी शिक्का मारला आणि कागद लगेच तिच्याकडे दिला नाही. "चारु-सान," ते म्हणाले, "अशा वडील-मुलाच्या रेघा तुम्ही आणखी किती ओढल्या आहेत?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिने जागेवर येऊन मोजलं. सहा वर्षांत तिच्या शिक्क्याने बांधलेली दोनशे त्र्याऐंशी नाती होती. त्यांतली किती कागद पाहून बांधली आणि किती अशाच कुठल्यातरी गुरुवारी, हे स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं. आधार: अर्जातील नाव. आधार: अर्जातील नाव. तिने दहा-बारा नोंदी उघडून पाहिल्या. या प्रत्येक रेघेच्या टोकाला कुणीतरी दलालासमोर बसलेलं होतं, आणि त्यांतल्या कुणालाही कारण सांगितलेलं नव्हतं.

थॉर्नबींची रेघ गुरुवारी पुसली गेली. शुक्रवारी चारुताची फाइल निवेदनासकट वर गेली. शनिवार-रविवार यतीन तिच्याशी फार नीट वागला, आणि ते तिला जड गेलं. रविवारी दुपारी त्याने लॅपटॉप फिरवून तिला दाखवलं. एदोगावातल्या एका गोदामात पार्टटाइम काम होतं, सकाळी सहा ते दहा, खोकी स्कॅन करायची.

"अठ्ठावीस तासांत बसतं," तो म्हणाला. "करू?"

"तू एम. टेक. आहेस."

"खोक्यांना काय करायचंय?"

सोमवारी कुरोदासाननी तिला खोलीत बोलावलं. करार वाढला होता, तीन महिन्यांनी. एकतीस मार्चपर्यंत. नवी नावं तिच्याकडे येणार नव्हती. तिने फक्त आपल्या दोनशे त्र्याऐंशी रेघा एकेक करून तपासायच्या, दिवसाला वीस. त्यातून वेळ उरला तर मोरितासानच्या. पुढचं तेव्हा पाहू.

"मी वर्षाचा मागितला होता," कुरोदासान म्हणाले.

"आभारी आहे," चारुता म्हणाली आणि वाकली. जितकं वाकायचं तितकंच.

तीन महिन्यांच्या करारावर व्हिसाचा अर्ज घेतात, एवढं यतीनने संध्याकाळी इमिग्रेशनच्या साइटवर शोधून काढलं. मंजूर करतात की नाही, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. "मार्च म्हणजे परीक्षा तरी होऊन जाते," तो म्हणाला. मितालीने या वेळी काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती आपलं गणिताचं पुस्तक घेऊन बाहेरच्या टेबलावर आली आणि आई भाजी निवडत होती त्याच्या शेजारी बसून सोडवायला लागली.

थॉर्नबींचा फोन पुढच्या बुधवारी आला. स्विचबोर्डने तो सरळ तिच्याकडे दिला.

"हमी मिळाली," ते म्हणाले. "हमी कंपनीच्या माणसाने फोन करून माफीसुद्धा मागितली. का मागितली ते मात्र सांगितलं नाही."

"आणि खोली?"

"ती गेली. दलाल बाई म्हणाल्या, त्यांच्याकडची यादी सोमवारीच नवी होते. शुक्रवारी दुपारी त्यांना मी अजून लालच दिसत होतो." ते पुढे म्हणाले, "दुसरी मिळालीय. स्टेशनच्या पलीकडे. चौथा मजला."

"लिफ्ट आहे?"

"नाही. पण जिना रुंद आहे. सेत्सुको असती तर नाही म्हणाली असती." त्यांच्या मागे कुणीतरी खोकी ओढत असल्याचा आवाज येत होता. "तुम्हाला एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही एडविनचं का विचारलंत?"

चारुताने मोरितासानकडे पाहिलं. त्या चष्मा लावून एक जुनी नोंद वाचत होत्या.

"यादीतल्या दुसऱ्या एडविनशी तुम्हाला जोडणारी रेघ मी ओढली होती, थॉर्नबीसान," ती म्हणाली. "आमच्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतात. मी तसं समजले."

पलीकडे खोकी ओढणं थांबलं होतं.

"नाव माझ्या आईने घातलं," ते म्हणाले. "तिला तो फार आवडायचा." रागावलेत की नाही, ते आवाजावरून कळेना. "बरं. मला वर सामान न्यायचंय."

"हो. सावकाश न्या."

फोन ठेवला तेव्हा पावणेपाच वाजले होते. दिवसाला वीस व्हायला हवी होती, तेरा झाली होती. चारुताने चौदावं नातं उघडलं, तेही नुसत्या नावावरून जोडलेलं, आणि हमी कंपनीला पत्र लिहायला घेतलं, की या बाईंना नकार दिला असल्यास कृपया त्यांना कारण कळवावं.